धुळ्याला आलेला दाखला

काल जळगावात, आमच्या पिंप्राळ्याच्या घरासमोर वरातीची घोडी येऊन थांबली. बँडवाले चहाला गेलेले, नवरदेवाचा पत्ता नाही, आणि ती पांढरी घोडी फाटकाशी निमूट उभी. मी जवळ गेले. घाम, ओलं चामडं आणि चघळलेलं गवत यांचा तो मिसळलेला वास आला आणि मी तिथेच उभी राहिले. नातसून नाकाला पदर लावून हसली. सुगंध कशाला म्हणावं, याबद्दल ज्याचं त्याचं मत असतं. माझं मत एका टांगेवाल्याने लहानपणीच ठरवून टाकलं.

देश स्वतंत्र होऊन दोनेक वर्षं झाली असतील. वडील गेल्यावर आई मला घेऊन धुळ्याला, तिच्या भावाकडे निघाली होती. गाडीत तिला तापाने घेरलं. जळगाव स्टेशनावर कुणी तरी आम्हांला उतरवून एका टांग्यात बसवलं, आणि टांगेवाल्याने आईला सरकारी दवाखान्यात पोचवलं. तिसऱ्या दिवशी ती गेली. मी सहा वर्षांची. मामांचं नाव विचारलं, तर मला ‘मामा’ एवढंच सांगता येत होतं. ते तिन्ही दिवस मी टांग्याची मागची बैठक सोडली नव्हती. टांग्यांच्या अड्ड्यावरच्या लोकांनी मी कुणाची म्हणून विचारलं, “हाई कोनी पोर?” टांगेवाला वैतागून म्हणाला, “उतरतच नही. मी काय करू?”

ते माझे आबा. एकटा जीव, मिशा राठ, आवाज त्याहून राठ. अख्खा अड्डा त्यांना वचकून असे. मला त्यांनी कधी नावाने हाक मारली नाही. ‘ए’ म्हटलं की मी समजायचं. गोड बोलणं सगळं घोड्यासाठी राखलेलं. माझे केस विंचरताना मात्र घोड्याला खरारा करावा तसे ओढत. पण रोज सकाळी पहिली सवारी घेण्याआधी टांगा शाळेच्या दारात थांबे, आणि मी आत जाईपर्यंत मागून आवाज येई, “पाय उचल!” घोड्याला की मला, हे बाकीच्या मुलींना कळत नसे. मला कळे.

मी चौथी पास झाले त्या उन्हाळ्यात मामांना माझा ठावठिकाणा लागला. आईच्या गावचं कुणी तरी आबांच्या टांग्यात बसलं होतं. बोलता बोलता सगळं उलगडलं. मामा आले, मला जवळ घेऊन रडले. मी आबांकडे पाहत होते. ते म्हणाले, “न्या. पोर तुमनी शे.” आणि घोडा जुंपून आम्हांला स्टेशनावर सोडून, वळूनही न बघता निघून गेले. त्या दिवशी मला त्यांचा जितका राग आला, तितका पुढे आयुष्यात कुणाचाच आला नाही.

मामा वाईट नव्हते. गिरणीत राबणारा माणूस, घरात पाच लेकरं. शाळा सुरू झाली, दिवाळीही सरली, आणि माझे दिवस धाकट्याचा पाळणा हलवण्यात जात राहिले.

एका दुपारी दारात ओळखीच्या टापा वाजल्या. ज्या गाडीचा लगाम आपल्या हाती नाही तिच्यात आबा बसत नसत. एरंडोल, पारोळा करत दोन दिवस टांगा हाकत ते आले होते. खिशातून त्यांनी एक घडी घातलेला कागद काढला. माझा शाळा सोडल्याचा दाखला. धुळ्याहून तो कुणी मागवलाच नाही, असं माझ्या शाळेतल्या बाईंनी त्यांना सांगितलं होतं.

“पोर शाळामा जाते का?” त्यांनी विचारलं. आतून मामी म्हणाली, “मग लेकरू कोण सांभाळील?”

“मंग दाखला परत नेस मी. अन् पोर बी.”

मामा म्हणाले, “लोक काय म्हणतील, आबा? ना नात्याचे तुम्ही, ना गोताचे.”

“लोके तिले शाळामा धाडतीन का?”

मामा माझ्याकडे वळले. म्हणाले, “तूच सांग, बाई.” मी म्हणाले, “मला पाचवीत बसायचंय.” मामांनी स्वतः माझी पेटी उचलून टांग्यात ठेवली. मामीने वाटेसाठी भाकरी बांधून दिली.

पारोळ्याच्या अलीकडे आबा घोड्याला पाणी पाजायला उतरले. घोड्याचं पिऊन झालं, तरी ते त्याच्या मानेत तोंड खुपसून पाठमोरे उभेच. खांदे हलत होते. मग वळले आणि खेकसले, “काय देखी ऱ्हायनी? बठ नीट!”

मी नीट बसले. शिकले. पुढे धुळ्यातच शिक्षिकेचं ट्रेनिंग घेतलं, तेव्हा रविवारी मामांकडे जेवायला जात असे. माझ्या पहिल्या नोकरीची ऑर्डर आबांनी उलटी धरून बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, “शाई बरी शे.” दोन वर्षांनी ते गेले, शेवटपर्यंत माझ्याशी एकही गोड शब्द न बोलता.

जळगावच्या रस्त्यांवरून टांगे केव्हाच नाहीसे झाले. मी जन्मभर मुलांना भाषा शिकवली, मायेचे किती तरी शब्द फळ्यावर लिहून दिले. तरी कुणी माझ्याशी कडक बोललं, तर आजही मी त्याचे शब्द धरत नाही. बोलताना त्याचे हात काय करताहेत, ते आधी पाहते.