घाई नसलेला खेळ

नगरजवळच्या नागापूरच्या एमआयडीसीत पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात सहादेव पॉवर प्रेसवर कामाला होता. एकोणीसशे नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात त्या प्रेसखाली त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. बोटं गेली ती गेलीच, पण त्याच्या डोक्यात जाऊन बसलं ते सुपरवायझर काकासाहेबांचं बोलणं. दवाखान्यात खाटेपाशी उभं राहून ते सगळ्यांदेखत म्हणाले होते, की चूक सहादेवची, त्याचंच लक्ष नव्हतं. प्रेसचं हात वाचवणारं लोखंडी गार्ड काकासाहेबांनीच काढायला लावलं होतं, माल भराभर निघावा म्हणून. ही गोष्ट अख्ख्या खात्याला ठाऊक होती आणि अख्खं खातं तोंड मिटून बसलं होतं.

घरी आल्यापासून सहादेव आतल्या आत धुमसत होता. भेटायला येणारे हळहळायचे, त्याचा त्याला राग. न येणाऱ्यांचा त्याहून जास्त. बायको शुभांगीनं भाकरी कुस्करून ताटात ठेवली, तर त्यानं ताट सरकवलं. मी लहान पोर आहे का, म्हणाला.

शुभांगीचा धाकटा भाऊ नितीन नगरच्या स्टँडजवळ व्हिडिओ गेमचं दुकान चालवायचा. दाजींचं मन रमावं म्हणून एके दिवशी तो टीव्हीला जोडायचं जुनं प्लेस्टेशन आणि सीडींची पिशवी घेऊन आला. सहादेवला तो अपमानच वाटला. चौतिशीतल्या माणसानं पोरांचे खेळ खेळायचे! तरी नितीननं आग्रह करून मोटारींच्या शर्यतीचा खेळ लावून दिला. सहादेवची गाडी पहिल्याच वळणावर कठड्याला धडकली. मग मारामारीचा खेळ लावला. त्यात डाव्या हाताची बोटं झपाझप चालायला लागत, आणि नेमकी तीच नव्हती. समोरचा पहिलवान त्याला उभा-आडवा बदडत राहिला. सहादेवनं कंट्रोलर भिंतीवर भिरकावला.

नितीन सीड्या गोळा करू लागला. पिशवीच्या तळाशी एक राहिली होती. ती सहादेवनं उचलली. हा कसला खेळ, विचारलं.

“तो राहू द्या, दाजी. जपानी गोष्टीचा खेळ हाय. नुसतं वाचायचं, यादीतनं हत्यारं निवडायची, मंत्र निवडायचे. लई किचकट. गिऱ्हाइकं अर्ध्या तासात परत आणून देतात.”

“मला झेपायचा न्हाई म्हणतोस?”

“तसं न्हाई. त्यात वेळ घालवण्यासारखं काही न्हाई.”

“ते मी ठरवीन. लाव.”

निव्वळ चिडीनं लावलेला खेळ. सुरुवातीला सहादेवनं त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. पडद्यावरची माणसं बोलतच सुटायची, तीही इंग्रजीत. आयटीआयमधलं त्याचं इंग्रजी मशीनच्या माहितीपत्रकापुरतं होतं, म्हणून शुभांगी मेथी निवडता निवडता वाचून अर्थ सांगायची. कोणत्या राक्षसाला आग बाधते, कोणाला पाणी, कोणाची तलवार कोणाला चालते, याचा काही मेळ लागेना. दलदलीतल्या एका बेडकानं तर त्याची सगळी टोळी वारंवार गारद केली. एकदा तो बेडूक मरायला आला आणि लाइट गेली. सगळी मेहनत पाण्यात. सहादेव वीज मंडळाला, जपानला आणि नितीनला एका दमात बोलला. आता हा खेळ आपल्या घरात नको, परत देऊन टाक, असं त्यानं शुभांगीला सांगितलं.

ती म्हणाली, “द्या परत. पण हरलात म्हणून देताय का खेळ वाईट हाय म्हणून देताय, तेवढं मला सांगा.”

तो तिच्यावरही तडकला. पण लाइट आल्यावर तोच परत पडद्यासमोर बसला. या खेपेला त्याच्या ध्यानात आलं, की आपली पाळी आली की हा खेळ थांबतो. बेडूक समोर डुलत राहतो, पण आपण ठरवेपर्यंत हात उचलत नाही. बोटांची घाई नाही. उजव्या अंगठ्यानं एक बटण दाबलं की झालं. कारखान्यात प्रेस कधी त्याच्यासाठी थांबली नव्हती. तो विचार करत बसला, मंत्र बदलले, आणि बेडूक पडला. शुभांगी मोठ्यानं हसली. दवाखान्यातून आल्यापासून त्या घरात कोणी हसलं नव्हतं.

पावसाळ्याच्या तोंडावर काकासाहेब घरी आले, तेव्हा सहादेव खेळतच बसला होता. फॅक्टरी इन्स्पेक्टर चौकशीला येणार होता. खुर्चीत बसून त्यांनी गोड आवाजात सुरुवात केली. गार्ड जागेवरच होतं, एवढं सहादेवनं म्हणावं, मग त्याला हलकं काम मिळेल. सहादेवच्या कानशिलाच्या शिरा ताठ झाल्या. एरवी तो तिथंच अंगावर गेला असता, आणि त्याचंच काकासाहेबांनी भांडवल केलं असतं. त्यानं मान वळवली नाही. पडद्यावर लढाई थांबलेली होती.

“बसा साहेब. माझी पाळी हाय.”

तो सावकाश एकेक मंत्र बघत राहिला. काकासाहेब चुळबुळले, घड्याळाकडे पाहू लागले, चहा निवून गेला. मग कंट्रोलर खाली ठेवून सहादेव त्यांच्याकडे वळला.

“गार्ड तुमी काढायला लावलं. इन्स्पेक्टरला मी तेच सांगणार. माझी बोटं गेली, जीभ न्हाई गेली.”

काकासाहेब उठून गेले. सहादेवनं कंट्रोलर उचलला आणि राहिलेली लढाई पुढं चालू केली.

इन्स्पेक्टर आला तेव्हा त्यानं म्हटल्याप्रमाणेच सांगितलं. त्याचं बघून खात्यातली आणखी दोन माणसं बोलली. प्रेसवर गार्डं परत बसली, काकासाहेबांची दुसऱ्या खात्यात बदली झाली. सहादेवला मात्र कामावर घेतलं नाही. नुकसानभरपाईचा त्याचा दावा कोर्टात रेंगाळला, आणि तो नागापुरातच एका छोट्या वर्कशॉपमध्ये स्टोअर सांभाळू लागला.

खेळ त्यानं शेवटपर्यंत नेला. नितीन प्लेस्टेशन न्यायला आला तेव्हा त्यानं विचारलं, गिऱ्हाइकाला काय सांगू, खेळण्यासारखा आहे का?

“हाय. सुरुवातीला शिव्या देतील, देऊ दे. बेडकापर्यंत टिकला तो खेळतोच. पण शेवट भिकार केलाय.”

“का?”

“गावंच्या गावं जाळणारा प्रधान, त्याला राजा माफ करतो. बटणच न्हाई दिलं आपल्याला, न्हाई म्हणायला.” एवढं बोलून सहादेव पुन्हा तापला. नितीन पिशवी उचलून दारात गेला तरी तो त्या राजाला बोलतच होता.