रुपरावांचा कॅन

चौतीस वर्षांत बायोकेमिस्ट्री विभागातला डिस्टिल्ड वॉटरचा कॅन एकदाही रिकामा राहिला नाही, हे परिचर रुपराव प्रत्येक नव्या संशोधकाला पहिल्याच दिवशी ऐकवत. पोरं पीएचडी करून परदेशी गेली, रुपराव कॅनपाशीच राहिले. पण ऐट अशी, की डिग्र्या जणू तेच भरून देतात.

मध्यंतरी पाणी शुद्ध करायचं काचेचं यंत्र फुटलं. नव्यासाठी केलेला अर्ज फायलीत झोपला. कॅन रिकामा ठेवला तर नाक कापलं जाणार, म्हणून रुपराव सक्करदऱ्याच्या घरून बोरिंगचं पाणी स्कूटरवर आणू लागले. दिसायला एकदम निर्मळ. त्यात तूरडाळ शिजत नाही म्हणून बायको शामलाबाई कटकट करत, पण प्रयोगशाळेत कुठे वरण लावायचं होतं!

पीएचडी करणारी कामिनी त्याच पाण्यात ज्वारीच्या मोडांतलं एन्झाइम तपासायची. एन्झाइम स्टार्च तोडायचं, आणि आयोडीननं आलेला स्टार्चचा निळा रंग झटक्यात उडायचा. अशा एन्झाइमांना एरवी कॅल्शियम लागतं, पण हे ते न घालता चालतं, असा तिचा दावा होता. दोन वर्षं सगळं झकास चाललं. मग अर्जाला जाग आली, नवं यंत्र बसलं, आणि निळा रंग जागचा हलेना. तीन आठवड्यांनी गाइड मधुसूदन सरांनी विचारलं, जुने आकडे घरी बसून तर लिहिले नाहीत ना? कामिनी बेसिनशी तोंड करून रडली.

रुपरावांना त्या दिवशी डबा गेला नाही. बोलावं तर आयुष्यभराची ऐट मातीत जाणार, न बोलावं तर पोरीचं नाव. शेवटी कामिनीला घेऊन ते सरांच्या केबिनमध्ये शिरले.

"पोरीनं काही खोटं नाही केलं, सर. दोन साल कॅनमंदी माह्या घरच्या बोरिंगचं पानी होतं."

सर डोळे मिटून बसले. कामिनीनं हळूच विचारलं, "काकाजी, त्या पाण्यात डाळ शिजते का?"

"नाही ना वं. बायको रोजच बोलून राहिली."

कामिनी रडता रडता हसली. डाळ न शिजू देणारं कॅल्शियमच तिचं एन्झाइम चालवत होतं. दावा गेला, सहा महिने सगळं पुन्हा करावं लागलं, पण नाव वाचलं.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, ही चूक सापडली कशी? कामिनीनं पहिल्या रांगेत बसवलेल्या रुपरावांकडे बोट दाखवलं. ते हजेरी दिल्यासारखे उभे राहिले. टाळ्या पडल्या. रुपरावांचे डोळे भरून आले.

त्या गडबडीत कॅन भरायचा राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. रुपराव तेही स्वतःच सरांना सांगून आले.