तोंडात पाणी धरून वजाबाकी

आमच्या नात्यात माझ्या मुलीविषयी एक गोष्ट कायमची ठरून गेली आहे: ती लहानपणी अभ्यासात मठ्ठ होती. ही गोष्ट पसरवली मी. तिच्या लग्नाच्या बोलण्यांतही मीच आधी सांगून टाकलं होतं, की शिक्षणाचं काही विचारू नका. आता माझी ऐंशी उलटली आहे. ती गोष्ट खोटी होती, एवढं लिहून ठेवतो.

संपात माझी गिरणी गेली आणि मी मरोळच्या एका कारखान्यात लागलो. कायमची रात्रपाळी. घाटकोपरच्या डोंगरावर आमची एकच खोली. सकाळी आठला येऊन मी आडवा व्हायचो आणि त्याच खोलीत बायको, सात वर्षांची ही मुलगी आणि तान्हा मुलगा दिवस काढायचे. बायको भांडंसुद्धा फडक्यावर ठेवायची. तान्हा रडला की त्याला घेऊन बाहेर उभी राहायची. मुलीची शाळा दुपारची, त्यामुळे तिचा अभ्यास माझ्या उशाशी चालायचा.

ती बोलल्याशिवाय काही करायची नाही. दुसऱ्या कोणाशी नाही, स्वतःशीच. फ्रॉकचं बटण लावताना बटणाला सांगायची, "तिकडून नाही रे, ह्या भोकातून ये." वजाबाकीचं तर नाटकच व्हायचं. बेचाळीसातून सतरा. "दोनातून सात जात नाहीत. चारकाका, एक द्या ना. देतो, पण मग मी तीनच उरेन हां. उरा." आणि उत्तर बरोबर यायचं. बरोबर यायचं हे मला आज आठवतं. तेव्हा मला फक्त आवाज ऐकू यायचा.

"वेड लागलंय का? कोणाशी बोलतेस?" मी पांघरुणातून ओरडायचो. दोन मिनिटं गप्प, की पुन्हा सुरू. आपण बोलतोय हे तिला कळतच नसे.

त्यात एकदा तिच्या वर्गाच्या बाईंनी सांगितलं, "येतं तिला सगळं, पण पुटपुटते फार. बाकीच्या मुलांचं लक्ष जातं. घरी सवय मोडा." मला तेच हवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेल्यात पाणी ओतलं आणि तिच्यापुढे ठेवलं. "एक घोट तोंडात धर. गिळायचा नाही, सांडायचा नाही. आता कर गणितं."

ती गाल फुगवून बसली. मला हसू आलं, बायकोलाही आलं. मुलीने पाटीवर बेचाळीस लिहिले, खाली सतरा लिहिले आणि थांबली. पेन्सिल दोनावर टेकवून माझ्याकडे बघत राहिली. मी कूस बदलली. कित्येक दिवसांनी मला गाढ झोप लागली.

मग ते रोजचंच झालं. मुलगी आपणहून पेला भरून घ्यायची. काही दिवसांनी बायको म्हणाली, "अहो, तोंडात पाणी असलं की तिचं पुढे काही सरकतच नाही."

"मग मी घरी बसतो. तू जा रात्रपाळीला," मी म्हटलं. तिने पुन्हा तो विषय काढला नाही.

दिवाळीपर्यंत पाण्याची गरज उरली नाही. पुटपुटणं थांबलं, बटणांशीसुद्धा. गणितंही थांबली. तिसरीत ती नापास झाली, पाचवीत पुन्हा झाली. सातवीनंतर मी तिची शाळा बंद केली आणि विचारणाऱ्याला सांगायला लागलो, की डोकंच नाही तिला.

गेल्या वर्षी मुलाची मुलगी माझ्याजवळ बसून ठोकळे रचत होती. तोंड अखंड चालू. मी सवयीने म्हटलं, "गप्प बसून खेळ." माझी सून लहान मुलांच्या शाळेत शिकवते. ती म्हणाली, "बोलू द्या तिला, बाबा. मुलं आधी मोठ्याने विचार करतात. मग हळूहळू तो आवाज आत जातो. आपण मनात विचार करतो ना, तो तोच."

"आणि आत जायच्या आधीच कोणी बंद केला तर?"

ती हसली. "कोण कशाला बंद करेल?"

मी मुलुंडला मुलीकडे गेलो आणि तिला सगळं सांगितलं. ती स्वयंपाकघरात तांदूळ मोजत होती, घरी जेवायला माणसं यायची होती. तिने शांतपणे ऐकून घेतलं. "असू दे हो बाबा. तुम्हाला झोप नको होती का? आणि मला मुळात डोकं नव्हतंच."

"होतं. पंचवीस यायचे तुझे."

"कसले पंचवीस?"

"बेचाळीसातून सतरा."

म्हाताऱ्या माणसाकडे बघतात तसं तिने माझ्याकडे बघितलं. "बरं," म्हणाली आणि पुन्हा वाटीने तांदूळ घ्यायला लागली. ओठ घट्ट मिटलेले. पाच-सहा वाट्या झाल्यावर हात थांबला. मग तिने पातेल्यातले तांदूळ परत डब्यात ओतले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

"मोठ्याने मोज ना," मी म्हटलं.

"दुपार झाली, तुम्ही आत जरा पडा," ती म्हणाली. "मी आवाज नाही करत."