मुकी पट्टी

श्रीरामपूरला आमच्या चर्चमध्ये पियानो वाजवणाऱ्या बाई माझ्या उंच गळ्यासाठी कवितांना चाली लावायच्या. पण आधी पियानोला हात लावायच्या नाहीत. मला अंगणात उभं करून म्हणायच्या, "ही ओळ विहिरीवरच्या माणसाला ऐकू जाऊ दे." माझी हाक जिथं चढायची, तोच चालीचा वरचा सूर. नेमकी त्याच सुराची पियानोची पट्टी उंदरांनी आतून कुरतडून मुकी केली होती. तिथं मी एकटी पडायचे, घाबरायचे.

एकाहत्तरच्या नाताळाआधी पुण्याचा कारागीर ती पट्टी बोलती करून गेला. मला हायसं वाटलं. तालमीत ती जागा आली आणि बाईंनी बोट पट्टीच्या वरच धरलं, दाबलं नाही; सूर मी एकटीनंच लावला. गाणं संपल्यावर मी चिडून म्हणाले, "बाई, आता वाजती की ती!"

"वाजती ना," बाई म्हणाल्या. "पण तू कुठं अडलीस?"