घरची शीर

आमच्या घराण्यात मानेवर उडणारी शीर ही मिरवायची गोष्ट होती. आजोबांची उडायची, बाबांची उडते, आत्याची तर पदर जरा सरकला की लांबूनही दिसते. उजव्या बाजूला, गळ्याच्या हाडाच्या किंचित वर, कातडीखाली काहीतरी ठकठक करत असतं. भाताचा भारा डोक्यावर घेऊन हात न लावता शेतातून खळ्यावर जाणारी आमची माणसं. तेव्हा ही शीर म्हणजे मानेतल्या ताकदीची खूण, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. धाकट्या भावाची शीर तो कॉलेजात असताना दिसायला लागली, तर आत्यानं चार घरांत गूळ वाटला. माझी मान मात्र आईसारखी, आखूड आणि भरलेली. तिच्यावर काहीच उडत नाही. ‘तू आमची नायसच गो, तू आईवर गेलीस,’ असं आत्या मला लहानपणापासून चिडवायची, आणि खरं सांगते, मला ते लागायचं.

आत्या लवकर विधवा झाली आणि माहेरी परतली. मुरबाडकडे, टोकावड्याजवळच्या आमच्या घराच्या पडवीत ती राहते आणि तिथंच ती शिरा उतरवायची. डोकं दुखलं, मान आखडली, खांदा भरून आला की लोक म्हणायचे शीर चढली, आणि आत्याकडे यायचे. पार वैशाखरे गावापासूनची माणसं एसटीनं यायची. ती त्यांना पाटावर पाठमोरं बसवायची, तिळाचं तेल चोळायची आणि मानेत उडणारी जागा शोधून तिच्यावर अंगठा रोवायची. किती वेळ दाबायचं याचं तिचं माप ठरलेलं होतं. पाटावरच्या माणसानं ‘अंधारी आली’ म्हटलं की शीर बसली. मग अंगठा काढायचा, पाणी पाजायचं. दहावीच्या अभ्यासानं माझं डोकं दुखायचं तेव्हा मीही त्या पाटावर कितीदा बसले आहे. अंधारी यायची, मग हलकं वाटायचं, आणि तिच्या हाताला तेलाचा वास असायचा. तो वास मला अजूनही आवडतो.

दोन वर्षांपूर्वी भाताच्या झोडणीच्या दिवसांत बाबांनी हौसेनं भारे वाहिले. ‘या वयात कशाला?’ असं मी फोनवर ओरडले होते. संध्याकाळी त्यांची मान आखडली आणि ते बहिणीपुढे पाटावर बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाची कपबशी त्यांच्या डाव्या हातातून निसटली. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. भावानं गाडी काढली आणि त्यांना कल्याणला नेलं. मी शहापूरहून शाळा सोडून धावले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि शहापुरातच राहते. वेळेत पोचल्यामुळे बाबा वाचले. बोलणं हळूहळू जागेवर आलं, डावा हात काही आला नाही.

तिथल्या डॉक्टर बाईंनी बाबांच्या मानेची सोनोग्राफी केली आणि मला पडद्याजवळ बोलावलं. मेंदूकडे रक्त नेणारी मोठी धमनी मानेतून सरळ वर जाते आणि जबड्याखाली तिला दोन फाटे फुटतात, असं त्यांनी दाखवलं. बाबांची सरळ नव्हती. दुधीचा वेल मांडवावर चढताना मध्येच वळसा घेतो तसा तिनं वळसा घेतला होता, आणि त्या वळशाच्या पुढे, फाट्यापाशी, आतून चरबीचा थर धरला होता. तोच वळसा बाहेरून ठकठक करत होता. आम्ही ज्याला शीर म्हणत होतो ती ही धमनी होती, आणि ती चढलेली वगैरे कधीच नव्हती.

मी विचारलं, हे आजोबांचंही असेल का? असू शकतं, त्या म्हणाल्या. नाक जसं घराण्यातून येतं, तशी या धमनीची ठेवणही काही प्रमाणात येते. तिला कुठे फाटे फुटतात, किती कोनात फुटतात, ती सरळ जाते की वळते, यात माणसागणिक फरक असतो आणि त्यातला काही फरक आईबापांकडून आलेल्या जनुकांचा असतो. बाकीचा वयाचा, रक्तदाबाचा, तंबाखूचा. नुसतं वळण म्हणजे रोग नव्हे, पण जिथं रक्त वळणानं जातं तिथं जपायला हवं. मग त्यांनी सहज विचारलं, मान कुणाकडून चोळून, दाबून घेत नाही ना?

मी त्यांना पाटाचं आणि अंधारीचं सगळं सांगितलं. त्या खुर्चीत सरळ झाल्या. अंधारी येते याचा अर्थ शीर बसली असा नाही, त्या म्हणाल्या, मेंदूचं रक्त अडतं किंवा हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून ती येते. आणि आत थर असेल तर त्याचा तुकडा सुटून वर जाऊ शकतो. बाबांचा झटका दाबण्यानं आला का, हे त्यांना सांगता येईना. पण यापुढे कुणाच्याही मानेला असा अंगठा लागता कामा नये, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

घरी येईपर्यंत मी ठरवलं होतं. आमच्या घरात दुसरा हात निकामी होऊ द्यायचा नाही. भाऊ दर रविवारी आत्यापुढे पाटावर बसायचा. मुरबाडच्या कंपनीत दिवसभर मान खाली घालून काम, त्यामुळे मान दुखायची. त्याची शीर तर सगळ्यात जोरात उडायची. मला रात्रंदिवस तीच दिसायची.

पण माझी जीभ पहिल्यापासून तिखट. पुढच्याच रविवारी मी पडवीत गेले, तीन बायका वाट बघत बसल्या होत्या, आणि त्यांच्यादेखत मी म्हणाले, ‘आत्या, हे बंद कर. तू माणसं मारशील.’ आत्यानं तेलाची वाटी खाली ठेवली आणि आत निघून गेली. त्यानंतर तिनं माझ्याशी बोलणं टाकलं. अंगठा मात्र तसाच चालू राहिला, उलट जरा जास्तच. चूक माझी होती, बोललेल्या गोष्टीची नाही, बोलायच्या रीतीची.

मग मी भावाच्या मागे लागले. पहिल्यांदा त्याला सुट्टी नव्हती, दुसऱ्यांदा मित्राची हळद होती, तिसऱ्यांदा तो नुसताच हसला. चौथ्यांदा मी आदल्या दिवशी माहेरी मुक्कामाला आले आणि सकाळी त्याच्या मोटारसायकलवर जाऊन बसले. उतरणार नाही म्हटलं. त्यानं बराच वेळ वाट पाहिली, चहा प्यायला, दुसरा चहा प्यायला, आणि शेवटी म्हणाला, चल बाई, तुझ्यापुढे कोण शहाणपणा करणार. एक अट मात्र घातली. माझी मान बघणार तर तुझीही बघायची. मी हो म्हटलं, कारण माझ्या मानेचं मला काही वाटतच नव्हतं.

त्याची धमनी निघाली सरळसोट. मान बारीक म्हणून वरून उडताना दिसते एवढंच, डॉक्टर बाई म्हणाल्या. मी सुटकेनं हसले आणि खाटेवर आडवी झाले. मानेवर थंडगार जेल, मग ते यंत्र, मग पडद्यावर लाल आणि निळं, आणि सपसप असा आवाज. बाईंनी यंत्र एका जागी थांबवलं, पुन्हा खाली आणलं, पुन्हा वर नेलं. मला विचारायची गरज पडली नाही. तो वळसा मी आधी पाहिला होता. बाबांचाच होता तो, जरा लहान. आत थर नव्हता. भीती वाटली, खूप वाटली, आणि त्याच्या खालोखाल, सांगायला लाज वाटते, थोडा आनंदही झाला.

त्याच दिवशी मी सोनोग्राफीचा फोटो घेऊन पडवीत गेले. आत्या तांदूळ पाखडत होती. बाबा ओट्यावर बसून डाव्या हाताची बोटं उजव्या हातानं उघडत होते. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि या वेळी आवाज न चढवता सगळं सांगितलं. भावाचं सरळ आहे, माझं वळलेलं आहे. फोटोवर बोट ठेवून जागा दाखवली.

तिनं फोटो हातात घेतला. ‘मी दाबायची ती हीच का?’

हो, म्हटलं.

‘तुझ्या बापाचा हात माझ्या अंगठ्यानं गेला का? खरं सांग.’

खोटं बोलणं सोपं होतं. पण तेव्हा मी खोटं बोलले असते तर पुढच्या रविवारी तिनं पुन्हा कुणाला तरी पाटावर बसवलं असतं. ‘कुणालाच सांगता येत नाय आत्या,’ मी म्हणाले. ‘त्यांचं बीपी होतं, तंबाखू होती, हे वळण होतं. तुझा अंगठाही होता.’

सूप तिच्या मांडीवर तसंच राहिलं. ओट्यावरून बाबा अडखळत म्हणाले, ‘पाटावर मीच बसलो होतो ना. तिनं काय ओढून नेला मला?’ आत्या तोंडाला पदर लावून रडली. मीही रडले. मी तिला रडवलं याचं मला वाईट वाटलं आणि तरीही मी तेच पुन्हा बोलले असते.

मग तिनं मला पाटावर बसायला सांगितलं. क्षणभर माझं अंग आखडलं, पण बसले. तिनं तेल घेतलं नाही. आखूड, भरलेल्या माझ्या मानेवर तिनं नुसता तळवा ठेवला, पाखरू धरावं तसा, आणि कुठेही न दाबता वाट बघत राहिली. खालून काहीतरी लागलं असावं, कारण तिचा हात तिथंच थांबला.

‘इतकी वर्सं तुला म्हनलं, तू आमची नायस,’ ती म्हणाली. ‘आन तुला दिलं ते हे दिलं.’

रविवारी वैशाखऱ्याचा एक माणूस मान वाकडी करून आला. मी तिथंच होते, मुद्दाम थांबले होते. आत्या उंबऱ्यातून उठली नाही. पाय मुरगळला, कंबर धरली तर ये, बघीन, असं तिनं त्याला सांगितलं. तो म्हणाला, लांबून आलोय, एकदा अंगठा लाव. आत्यानं माझ्याकडे बोट केलं.

‘ही माझ्या भावाची पोर. हिची मान बघ, वरून काय दिसतं? काय नाय. आत वळण हाय. तुझ्या आत काय हाय ते मला दिसत नाय, तुलापन नाय. आधी बघून ये.’

तो माझ्या मानेकडे बघत राहिला. मी त्याला दवाखान्याचा पत्ता लिहून दिला.