आठ इंची तबकडीची सुरुवात

२४ डिसेंबर, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटे. नाताळगीतांच्या चमत्कारिक मापांच्या जुन्या तबकड्या मी जमवते. आज त्यांतली पहिली, घरचीच आठ इंची, वाजवून तिचा वेळ मोजायला घेतली. आमच्या जुन्या स्वयंचलित रेकॉर्ड प्लेअरला सात, दहा आणि बारा इंच एवढीच मापे ठाऊक. सातवर ठेवले की सुई कडेपासून बरीच आत उतरे आणि गाण्याची सुरुवात हुकत असे. तेवढ्या ओळी आई स्वतः म्हणायची, मग पप्पा बटण दाबायचे. आई गेल्यानंतरचा हा पहिला नाताळ.

यंदा आणलेल्या नव्या यंत्रावर मी सुई हाताने अगदी कडेला ठेवली. आईच्या त्या ओळी तबकडीतली बाई सुरेख गाऊ लागली.

"बंद कर गं," पप्पा म्हणाले. "ती जागा तुझ्या आईची."

"पण पप्पा, गाणं आता पूर्ण वाजतंय."

"आपल्याकडे ते अपुरं कधी होतं?"

माणसे यंत्राची उणीव भरून काढतात, की त्या उणिवेतच राहायला जागा शोधतात, हे कोणत्या मापाने ठरवावे? मी जुने यंत्र लावले. पप्पांनी घसा खाकरला आणि बेसूरच सुरुवात केली. ओळी संपल्यावर बटणही त्यांनीच दाबले. मी वहीत नोंदवले: सुरुवात, एकेचाळीस सेकंद.