पाण्यातला देव

सांगलीच्या एका रुग्णालयात, शस्त्रक्रियागृहाबाहेरच्या बाकावर ती माझ्या शेजारी बसली होती. फिनेलच्या उग्र दर्पातही तिच्या नऊवारीला चुलीच्या धुराचा वास येत होता. मांडीवर स्टीलचा डबा होता. ती जराशी हलली, की आत पाणी डचमळे आणि काहीतरी किणकिणे. मी थोडी सरकून बसले. रखवालदारालाही शंका आली.

"आवं मावशी, डब्यात काय हाय?"

"देव हाय."

"चेष्टा करताय व्हय?"

तिने झाकण उघडले. पाण्याच्या तळाशी खंडोबाचा चांदीचा टाक होता. दाराआड तिच्या मुलाच्या हृदयावर शस्त्रक्रिया चालली होती. तो बरा होईपर्यंत देव पाण्यातच राहणार होता.

"घरीच ठेवायचा ना," मी म्हटले.

"घरी पहारा कुणाचा, ताई? लय लबाड हाय त्यो. मालकाच्या टायमाला घरीच पाण्यात ठिवला हुता. मालक गेलं."

माझा देव निर्गुण आहे. त्याच्यावर मी कविता केल्या आहेत. तो फसवील अशी धास्ती मात्र मला कधी वाटली नाही. ही बाई आपल्या देवाला कज्जेदार भाऊबंदाला ओळखावे तशी ओळखत होती.

डॉक्टर बाहेर आले. शस्त्रक्रिया नीट झाली, म्हणाले. मुलगा अजून शुद्धीवर यायचा होता. तिने हात जोडले, पण डॉक्टरांना.

"आता देवाला काढा बाहेर," मी म्हटले.

"पोरगं बोलू दे आधी."

तिने झाकण घट्ट दाबले. मग दाराकडे पाठ करून ती डब्याकडेच पाहत बसली.